सांडलेले नाणे, पुरलेले नाणे : मेटल डिटेक्टरच्या वादाचा आढावा

मार्च २०२५मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी शेतांमध्ये रात्री-अपरात्री दिवे हलू लागले. ‘छावा’ चित्रपटातला बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता. त्यातच महामार्गाच्या कामासाठी उकरलेली माती आसपासच्या शेतांत टाकली गेली आणि तिच्यात मोगली मोहरा असल्याची वावडी उठली. टॉर्च, कुदळी, चाळण्या घेऊन माणसे आली. काहींच्या हाती मेटल डिटेक्टरही होते. उभ्या रानात खड्डे पडले आणि अखेर प्रशासनाला लक्ष घालावे लागले.

आपल्याकडे ही चार दिवसांची बातमी ठरली. युरोपात मात्र या प्रश्नावर गेली पन्नासेक वर्षे वाद चालू आहे. जमिनीत सापडलेले जुने नाणे कोणाचे, ते शोधण्याचा हक्क कोणाला आणि सापडल्यावर सांगायचे कोणाला, हे त्या वादातले तीन मुख्य प्रश्न. तिकडच्या अनुभवातून काय निष्पन्न झाले, कोणती बाजू काय म्हणते आणि आपण त्यात कुठे आहोत, याचा हा आढावा.

यंत्र आणि त्याची वीतभर पोच

मेटल डिटेक्टरचा जन्म नाण्यांसाठी झालेला नाही. १८८१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युतचुंबकीय यंत्र आणले, पण गोळी काही सापडली नाही. पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवले, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की यांनी सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले आणि १९४२मध्ये अल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. युद्धानंतर हे तंत्र नागरी वापरात आले आणि ट्रान्झिस्टरमुळे यंत्र हलके व स्वस्त झाले. १९७०च्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये हा रविवारचा छंद होऊन बसला.

यंत्राची तत्त्वे साधी आहेत. दांड्याच्या टोकाला असलेली तारेची चकती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. खाली धातू असला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे उलटे क्षेत्र चकतीला जाणवते. कानावरच्या हेडफोनमध्ये आवाज उमटतो. खिळ्याचा आवाज तुटक आणि खरखरीत, चांदीच्या जाड नाण्याचा स्वच्छ नि उंच. सरावलेला छांदिष्ट आवाजावरूनच पुष्कळदा ओळखतो. पण सातवाहनांची शिशाची किंवा पोटीन या मिश्रधातूची चिमुकली नाणी विजेची तितकी चांगली वाहक नसतात. त्यांचा आवाज गुटख्याच्या पुडीतल्या चंदेरी कागदाच्या आसपास येतो. ‘कचरा नको’ म्हणून यंत्राला तो आवाज गाळायला सांगितला, तर कचऱ्याबरोबर सातवाहनही गळतात.

दख्खनच्या मातीचीही एक अडचण आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत आणि कोकणातल्या जांभ्यात लोहखनिजे भरपूर असतात. जमीनच कुरकुरत राहते, आणि मातीचा हा गोंगाट वजा केल्याखेरीज नाण्याची चाहूल लागत नाही. नाशिकच्या गोदाघाटावर दोरीला चुंबक बांधून पैसे काढणाऱ्या पोरांचे तंत्र याहून निराळे. आजची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. तांब्याची शिवराई किंवा चांदीचा रुपया खाली पडलेला असला तरी त्यांच्या हाती लागणार नाही.

एकट्यादुकट्या नाण्यापर्यंत बहुतेक यंत्रांची पोच वीतभर, फार तर त्याहून थोडी अधिक असते. नांगराचा फाळही साधारण तेवढाच खोल जातो. पुढच्या वादाचा बराच भाग या योगायोगावर उभा आहे.

सांडलेले आणि पुरलेले

जमिनीत नाणे दोन वाटांनी जाते. एक तर ते कोणी पुरून ठेवते किंवा कनवटीतून, कशातून, बाजारातल्या धांदलीत सांडते. नाणकशास्त्राच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे.

पुरणारा माणूस निवडून पुरतो. जड, चोख, न झिजलेली नाणी मडक्यात जातात आणि हलकी नाणी खर्चायला वर राहतात. सांडणारा निवड करत नाही. शिवाय होन हरवला तर माणूस दिवा लावून शोधतो, दमडीसाठी कोणी कंबर वाकवत नाही. त्यामुळे पुरलेला साठा लोक काय जपत होते ते सांगतो, तर विखुरलेली सांडलेली नाणी रोजच्या व्यवहारात काय फिरत होते ते सांगतात. रोमन ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक स्थळांवरची सुटी नाणी कालखंडांत विभागून रिचर्ड रीस यांनी तुलना केली. कोणत्या वस्तीत पैशाचा व्यवहार कधी वाढला, कधी आटला, हे त्यातून दिसू लागले. या पद्धतीत एकेक नाणे क्षुल्लक असते. महत्त्व असते ते हजारो नाण्यांच्या ठावठिकाण्याला.

इंग्लंडच्या जुन्या कायद्याने मात्र नेमकी उलटी बाजू धरली होती. परत काढण्याच्या इराद्याने पुरलेले सोने-चांदी तेवढेच राजाचे. सांडलेले, टाकलेले किंवा प्रेताबरोबर ठेवलेले त्यात बसत नव्हते. १९३९मध्ये सटन हू येथे जहाजासकट पुरलेले दफन सापडले आणि त्यात सोन्याची ३७ नाणीही होती. मृताबरोबर ठेवलेले ते वैभव परत काढायचा कोणाचाच इरादा नसणार, म्हणून ते जमीनमालकिणीचे ठरले. तिने ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी एका खटल्यात जवळजवळ आठ हजार रोमन नाणी चांदीचा अंश फार कमी म्हणून या व्याख्येबाहेर पडली. ‘पुरणाऱ्याच्या मनात काय होते’ या प्रश्नाचे उत्तर सतराशे वर्षांनी न्यायालयाने कसे द्यावे, हा पेच अधिकाधिक अवघड होत गेला.

संघर्षाकडून समझोत्याकडे

१९८०मध्ये ब्रिटनमधल्या पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरविरोधी मोहीम उघडली. ‘आमचा भूतकाळ नेणे थांबवा’ असा तिचा सूर होता. छांदिष्टांनी आपल्या संघटना बांधल्या. मधल्या काळात सरे परगण्यातल्या वॉनबरो येथे रोमन काळातले मंदिर रातोरात लुटले गेले. हजारो नाणी बाजारात पांगली आणि मंदिराच्या थरांची चाळण झाली. जुना कायदा लंगडा आहे, हे या प्रकाराने सगळ्यांनाच पटले.

त्यातून १९९६चा ‘ट्रेझर ॲक्ट’ आला आणि सप्टेंबर १९९७पासून लागू झाला. त्याने इराद्याचा प्रश्नच बाजूला ठेवला. ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली की तो निधी. हलक्या धातूची असतील तर दहा हवीत. शोधणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर तज्ज्ञ समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२३मध्ये व्याख्या आणखी रुंदावली आणि २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही तिच्यात आल्या.

तरीही सुटे, सांडलेले नाणे सहसा निधी ठरत नाही. त्यासाठी १९९७मध्ये प्रायोगिक पातळीवर एक ऐच्छिक नोंद योजना सुरू झाली आणि २००३पर्यंत ती इंग्लंड व वेल्सभर पसरली. ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ हे तिचे नाव. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी लोकांनी आणलेल्या वस्तू पाहतात, मोजतात, छायाचित्र घेतात, ठिकाण नोंदवतात आणि वस्तू परत देतात. आज या नोंदवहीत १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांत नाण्यांचा वाटा फार मोठा आहे.

ही व्यवस्था चालते तेव्हा काय होते, ते सॉमरसेटमधल्या फ्रोमच्या शेतात २०१०मध्ये दिसले. एका छांदिष्टाला आधी चांदीची काही सुटी नाणी मिळाली, मग एका मडक्याची कड लागली. तिथेच त्याने हात थांबवला आणि अधिकाऱ्यांना बोलावले. मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. पुरातत्त्वज्ञांनी ती थरांनी उपसली. कारॉसियस या उशिराच्या सम्राटाची बहुतेक नाणी वर असायला हवी होती, ती निम्म्याहून खाली सापडली. म्हणजे हे मडके वर्षानुवर्षे थोडे थोडे भरत गेलेले नव्हते, एकदम भरले गेले असावे. ते अडीनडीची पुंजी होते की देवतेला वाहिलेले दान, असा प्रश्न अभ्यासकांना त्यातूनच पडला. नाणी पोत्यात भरून आणली असती, तर प्रश्नसुद्धा पडला नसता.

ती चालत नाही तेव्हाचे उदाहरणही जवळच आहे. २०१५मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला निधी सापडला. त्यांनी तो दडवला आणि परस्पर विकायला काढला. मोबाइलमधून पुसलेली छायाचित्रे पोलिसांनी परत मिळवली, त्यावरून नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज बांधला गेला. त्यांतल्या काहींवर वेसेक्स आणि मर्सिया या दोन राज्यांचे राजे शेजारी शेजारी कोरलेले आहेत. त्यांच्या युतीचा हा दुर्मीळ पुरावा. २०१९मध्ये दोघांना अनेक वर्षांच्या शिक्षा झाल्या, पण बहुतेक नाणी परत आलेली नाहीत.

दोन बाजू आणि तिसरी

पुरातत्त्वज्ञांचा मूळ आक्षेप संदर्भाचा आहे. नाणे कोणत्या थरात, चुलीशेजारी की भिंतीच्या पायात, कोणत्या खापरांबरोबर होते, यावरून त्या थराचा काळ ठरतो. उपटून काढलेले नाणे स्वतःपुरते बोलते, घराबद्दल गप्प राहते. शिवाय यंत्र फक्त धातू उचलते. खापर, हाड, जळके धान्य बाजूला पडते आणि स्थळाचे अर्धवट चित्र उरते. खोदणे थांबवून जमीन पुढच्या पिढीसाठी, अधिक चांगल्या साधनांसाठी राखावी, असेही हा पक्ष म्हणतो.

छांदिष्टांचे उत्तर नांगराकडे बोट दाखवते. फाळाने उलथलेल्या मातीत मूळ थर उरलेलाच नसतो. रासायनिक खते आणि अवजारे यांनी नाणी दरवर्षी झिजतात, मोडतात. ती तिथेच ठेवणे म्हणजे राखणे नव्हे. शेतोशेत फिरायला विद्यापीठांकडे माणसे नाहीत, छांदिष्टांकडे वेळ आहे. सफोकमधल्या हॉक्सनचा १४,८६५ रोमन नाण्यांचा निधी १९९२मध्ये सापडला तो एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना. शोधणाऱ्याने लगेच कळवले आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. हातोडाही सापडला आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यावर विरोधकांचे म्हणणे असे की, मडक्याचे तोंड फाळाला लागले तरी बूड शाबूत थरात असते. शिवाय कुरणे, गायराने अशा न नांगरलेल्या जागी हा युक्तिवाद लागूच होत नाही.

तिसरी बाजू नोंद ठेवणाऱ्यांची. बंदी घातली तरी माणसे शोधणारच, तेव्हा त्यांना चोर न ठरवता साक्षीदार करावे, असे ती मांडते. या व्यवस्थेलाही टीकाकार आहेत. बक्षिसामुळे शोधाला उत्तेजन मिळते, प्रामाणिक माणसेच नोंद करतात आणि नकाशावर नाण्यांची दाटी दिसते ती पुष्कळदा जुन्या बाजारपेठेची नसून आजच्या छांदिष्टांच्या घरांची असते, असे त्यांचे आक्षेप आहेत.

देशोदेशीची उत्तरे

डेन्मार्कमध्ये सोने-चांदी व दुर्मीळ जुन्या वस्तू सरकारच्या, पण शोधणाऱ्याला मोबदला मिळतो आणि संग्रहालये छांदिष्टांबरोबर काम करतात. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक पुरावस्तू राजमुकुटाची मानली जाते. आयर्लंडने १९८७च्या कायद्याने परवानगीशिवाय पुरावस्तूंसाठी डिटेक्टर वापरायला मनाई केली. फ्रान्समध्ये सरकारी परवानगी लागते, तर जर्मनीत प्रत्येक राज्याचा नियम निराळा.

सैल कायद्याने लपवाछपवी कमी होते की कडक कायद्याने, यावर २०१७मध्ये सॅम हार्डी यांनी देशोदेशीच्या आकडेवारीची तुलना केली. उदार धोरणाने हानी घटत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या गणिताच्या गृहीतकांवर इतर अभ्यासकांनी पुढच्याच वर्षी सविस्तर आक्षेप घेतले. दडवलेले मोजायचे कसे, ही अडचण दोन्हीकडे आहे.

आपल्याकडे

आपला मूळ कायदा म्हणजे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. त्यात वस्तूचे स्वरूप, ठिकाण आणि तारीख द्यायची. मग जाहीर सूचना निघते आणि हक्कदारांना चार ते सहा महिन्यांची मुदत मिळते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला व एक जागामालकाला. सरकारला निधी ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. दडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

यातले दहा रुपये नीट पाहण्यासारखे आहेत. १८७८चा रुपया तोळाभराचा, ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणजे मर्यादा दहा तोळे चांदीच्या नाण्यांची, शंभर ग्रॅमहून अधिक शुद्ध चांदीची होती. आज त्याच आकड्यात एक वडापावही येत नाही. अक्षराला धरून चालले, तर बांधावर सापडलेली एक झिजकी शिवराईसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी न्यावी लागेल. ‘श्री राजा शिव’ एका बाजूला आणि ‘छत्रपति’ दुसऱ्या बाजूला असलेली अशी तांब्याची नाणी आपल्याकडच्या शेतांत आजही निघतात. मात्र ‘दडलेली’ वस्तू म्हणजे पुरलेली की सांडलेलीही, हा प्रश्न इथेही आहेच. मोबदला धातूच्या भावाने असल्यामुळे शिशाच्या सातवाहन नाण्याला शिशाचाच भाव. पोटीनला तर त्याहून वेगळे काय मिळणार?

त्यावर १९७२चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे त्यात पुरावशेष ठरते आणि खासगी निर्यातीला बंदी आहे. १९५८च्या कायद्याखाली संरक्षित स्थळांवर परवान्याशिवाय खोदता येत नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. मेटल डिटेक्टरचा उल्लेख १८७८च्या कायद्यात असणे शक्यच नव्हते. सापडलेल्या एकट्या नाण्याची नोंद करून ते मालकाला परत देणारी ब्रिटनसारखी सार्वजनिक यंत्रणा आपल्याकडे उभी राहिलेली नाही.

तरी आपल्या इतिहासाचा मोठा भाग नांगराने आणि योगायोगानेच दिलेला आहे. गोदावरी-दारणा संगमावर जोगलटेंभीला १९०६मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राज्य कोणी कोणाकडून घेतले, हे त्या मोजणीत उघड झाले. चांगली चांगली नाणी वेचून बाकीची आटवली असती, तर हे प्रमाण कळले नसते. वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याचा पोटीन नाण्यांचा साठा १९३९मध्ये उजेडात आला. वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला, आणि एरवी अपरिचित असलेली सातवाहन राजांची काही नावे त्या नाण्यांमुळे पुढे आली. भरतपूरजवळच्या बयानाचा गुप्तकालीन सुवर्णनिधी १९४६चा. त्यातली काही नाणी गावकऱ्यांनी आटवली आणि १,८२१ वाचली. अनंत सदाशिव आळतेकरांनी त्यांची सूची केली, ती १९५४मध्ये प्रसिद्ध झाली.

सुट्या नाण्यांचे मात्र असे झाले नाही. तेर, पैठण, भोकरदन, नेवासे इथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पावसाळ्यानंतर नाणी उघडी पडतात, ती सोनाराकडे किंवा नाणी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातात. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून शेतात आणि धाब्याच्या घरांवर टाकण्यासाठी नेली गेली, तिच्याबरोबर नाणीही हलली. त्यामुळे सापडलेले ठिकाण हे सांडलेले ठिकाण असेलच असे नाही. नांगराने मोडलेल्या थराचा इंग्लंडमधला वाद आपल्याकडे आणखी गुंतागुंतीचा होतो तो असा.

न सुटलेले प्रश्न

चार गोष्टी अजून मोकळ्या आहेत. पहिली, सुट्या नाण्याचा कायद्यातला दर्जा. त्याला निधी म्हणावे तर यंत्रणा बुडेल, न म्हणावे तर माहिती बुडेल.

दुसरी, मोबदला. बाजारभाव दिला तर शोधाला हुरूप येतो, धातूचा भाव दिला तर वस्तू आटवण्याकडे किंवा चोरबाजाराकडे वळते. मधला भाव कोणता, यावर एकमत नाही.

तिसरी, ठिकाणाची गुप्तता. संशोधकाला नेमकी जागा हवी आणि चोरालाही तीच हवी. ब्रिटिश नोंदवही सर्वसामान्य वाचकाला साधारण एक चौरस किलोमीटरपर्यंतचेच ठिकाण दाखवते, अधिक बारीक माहिती अभ्यासकांसाठी राखली जाते. आपल्याकडे ठिकाणाची नुसती वावडी उठली तरी काय होते, ते असीरगडाने दाखवलेच आहे.

चौथी गोष्ट माणसांची. नोंद करायला जिल्ह्याला किमान एक नाणी ओळखणारा माणूस लागतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, विद्यापीठांत जाणकार आहेत. पण तालुक्याच्या गावी शिवराई घेऊन आलेल्या शेतकऱ्याने कोणते दार ठोठावायचे, हे ठरलेले नाही.

या प्रश्नांवर कोणती बाजू बरोबर ठरेल ते ठरो, एका बाबतीत सगळ्या बाजूंचे एकमत आहे, आणि ते पाळायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नांगरताना, विहिरीच्या कामात, पावसाने खरवडलेल्या बांधावर नाणे दिसले, तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नये. अक्षरे चमकतात ती तात्पुरती, वरचा थर जातो तो कायमचा. मडके लागले तर उपसू नये. कागदावर तारीख, गटनंबर, बांधापासूनची पावले आणि खोली लिहावी, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. नाणे पुढे कोणाकडेही गेले, तरी ते कुठून निघाले हे सांगणारा तो कागद तेवढा आपल्याजवळ जपून ठेवावा.